आजारी मुलांची झुकझुक गाडी



मराठी घरातल्या एखाद्या लहान मुलाला विचारून बघा, आगगाडी कुठे जाते? ते सांगेल, मामाच्या गावाला. घर पुण्यात असो, इंदूरला असो, बडोद्याला असो नाहीतर हैदराबादला, उत्तर तेच. आपल्या मनात गाडी म्हणजे सुट्टी, खिडकीची जागा आणि पलीकडच्या फलाटावर आपली वाट बघणारं माणूस.

पण आपल्याच देशात अशीही मुलं आहेत, ज्यांची गाडी दर खेपेला एकाच ठिकाणी जाते. बिहारमधून, उत्तर प्रदेशातून, बंगालमधून, विदर्भ-मराठवाड्यातून ती मुंबईत उतरतात आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा रस्ता धरतात. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय कर्करोगाच्या रुग्णांसाठी सगळ्या देशाचं आशास्थान आहे. रेल्वेही या प्रवासात हात देते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना आणि परतताना शयनयानात आणि थ्री टायर एसीत भाडं माफ असतं. सोबतच्या माणसालाही मोठी सवलत मिळते. योजना चांगली आहे, ती टिकली पाहिजे. पण तिची अट जरा लक्षात ठेवा. प्रवास उपचारासाठी हवा, तसा डॉक्टरांचा दाखला हवा.

आज मी तुम्हाला याच्या अगदी उलट गाडीची गोष्ट सांगणार आहे. ही गाडी आजारी मुलांना कुठेच नेत नाही. एका स्टेशनातून निघते, डोंगर-शेतं दाखवते आणि तासा-दोन तासांनी त्याच फलाटावर परत आणून सोडते. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत वाफेच्या इंजिनांच्या जुन्या रेल्वे हौशी मंडळींनी जपल्या आहेत. त्यांना वारसा रेल्वे म्हणतात. अशा रेल्वे एखादा दिवस, एखादा डबा, कधी अख्खी गाडी गंभीर आजारी मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी राखून ठेवतात. ऐकायला ही साधी दानधर्माची गोष्ट वाटते. पण तिच्या मागे दोन इतिहास आहेत. एक जुन्या रेल्वेचा आणि दुसरा आजारी मुलाचा. ते एका फलाटावर कसे आले, ते बघू.

गोवर झालेला मुलगा

सुरुवात करू एका अंधाऱ्या खोलीपासून. साल १९४२ च्या सुमाराचं. दुसरं महायुद्ध चालू आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या किंग्ज नॉर्टन भागात विल्बर्ट ऑड्री नावाचे पाद्री राहतात. त्यांचा लहानगा मुलगा ख्रिस्तोफर गोवराने अंथरुणाला खिळला आहे. गोवर झालेल्या मुलाला उजेडात ठेवायचं नाही, डोळ्यांना त्रास होतो, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून पडदे ओढलेले. बाहेर जाता येत नाही, चित्रं बघता येत नाहीत. अशा मुलाचं मन रमवायचं कसं?

ऑड्रींना लहानपणापासून रेल्वेचं वेड होतं. त्यांनी मुलाला इंजिनांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनांचं चित्र कागदावर काढलं, त्यांना चेहरे दिले. एक चेहरा उदास होता. पोराने विचारलं, हे इंजिन दुःखी का? वडील म्हणाले, ते म्हातारं झालंय आणि बरेच दिवस त्याला कुणी बाहेर काढलेलं नाही. मुलाने नाव विचारलं, तेव्हा वडिलांनी सुचेल ते सांगितलं, एडवर्ड.

वडिलांचं ते उत्तर विसरू नका. म्हातारं झालंय आणि बरेच दिवस बाहेर काढलेलं नाही. खोलीत कोंडलेल्या मुलाला हे दुःख न समजावता समजलं असणार.

या गोष्टींचं पहिलं पुस्तक १९४५ मध्ये निघालं. पुढच्याच वर्षी दुसरं आलं आणि त्यात थॉमस नावाचं छोटं निळं इंजिन होतं. आज भारतातल्या मुलांनाही टीव्हीमुळे हा थॉमस माहीत आहे. त्याचा उगम एका आजारी मुलाच्या उशाशी आहे, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

भंगारातून वाचलेली रेल्वे

आता वेल्सला जाऊ. तिथे टायविन या समुद्रकाठच्या गावातून डोंगरात जाणारी एक छोटी रेल्वे होती, टॅलिलिन रेल्वे. १८६० च्या दशकात पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी ती बांधली. रुळांमधलं अंतर जेमतेम सव्वादोन फूट. खाणीचा धंदा बसला, पण मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता की मी आहे तोवर गाडी चालेल. त्यांनी शब्द पाळला. जुलै १९५० मध्ये ते वारले तेव्हा रुळांमध्ये गवत माजलं होतं आणि दोन जुन्या इंजिनांपैकी एकच कसंबसं चालत होतं.

व्यवहाराच्या हिशेबाने या रेल्वेची जागा भंगारात होती. पण एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा बोलावली. त्यातून संस्था उभी राहिली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालवलेली पहिली गाडी निघाली. हौशी लोकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे मानली जाते. कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी कारखान्यातला फिटर. सुट्टीच्या दिवशी येऊन ही मंडळी रूळ बदलायची, तिकिटं फाडायची, कोळसा ओढायची.

आणि या सुरुवातीच्या स्वयंसेवकांमध्ये गार्डचं काम करायला कोण आलं असेल? तेच ऑड्री! टॅलिलिनवरची खरी इंजिनं नाव बदलून त्यांच्या पुस्तकात गेली. १९५५ मध्ये निघालेलं ‘फोर लिट्ल एंजिन्स’ हे पुस्तक त्यांच्यावरच आहे. म्हणजे आजारी मुलासाठी रचलेली गोष्ट वारसा रेल्वेच्या फलाटावर पोचली होती. आजारी मुलांना तिथे यायला मात्र अजून बराच अवकाश होता.

त्या काळात ब्रिटनची रेल्वे आक्रसत होती. १९६० मध्ये ससेक्समध्ये ब्लूबेल रेल्वे हौशींनी सुरू केली. १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला आणि हजारो मैलांचे मार्ग आणि दोन हजारांवर स्टेशनं बंद करण्याची शिफारस झाली. १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं थांबवली. सरकारने टाकलेलं एकेक इंजिन आणि एकेक फाटा लोकांनी उचलला. आज तिथे अशा शंभराहून जास्त रेल्वे चालतात. या गाड्यांमध्ये बसणाऱ्याला कुठे पोचायचं नसतं, तो बसण्यासाठीच बसतो. हा मुद्दा पुढे आपल्या कामाला येणार आहे.

खाटेवरचं मूल

आता दुसरा इतिहास. रुग्णालयातल्या मुलाचा.

इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात ऑल्टन नावाचं गाव आहे. लंडनचे महापौर राहिलेले सर विल्यम ट्रेलोर यांनी १९०८ मध्ये तिथे मुलांसाठी रुग्णालय काढलं. आजार होता हाडांचा आणि सांध्यांचा क्षय. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. मोकळी हवा, ऊन, चांगलं अन्न आणि पाठ किंवा पाय हलणार नाही असं बांधून निजवून ठेवणं, हाच उपचार. मुलं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं तिथे राहायची. या रुग्णालयासाठी रेल्वेचा स्वतंत्र फलाट होता. आज त्याच ऑल्टनच्या स्टेशनातून वॉटरक्रेस लाइन नावाची वारसा रेल्वे सुटते. जिथे कधीकाळी मुलं उपचाराला यायची, त्या गावातून आता सहलीची गाडी निघते.

त्या काळच्या रुग्णालयांत आई-वडिलांना भेटायची वेळ फार थोडी असायची. कुठे आठवड्यातून एकदा, कुठे त्याहूनही कमी. डॉक्टर आणि परिचारिका काही निर्दय नव्हत्या. बाहेरच्या माणसांमुळे संसर्ग येईल, ही भीती खरी होती. दुसरं कारण त्यांनी अनुभवातून काढलेलं होतं. आई भेटून गेली की मूल रडतं, भेटली नाही तर गप्प राहतं. म्हणजे न भेटणंच बरं.

मुलाचं हे गप्प राहणं जेम्स रॉबर्टसन यांनी नीट बघितलं. १९५२ मध्ये त्यांनी एक साधा चित्रपट केला. दोन वर्षांची एक मुलगी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढंच त्यात आहे. ती फारशी रडत नाही, शहाण्यासारखी वागते. पण दिवसागणिक तिच्यातलं काहीतरी मिटत जाताना दिसतं. डॉक्टरांमध्ये मोठा वाद झाला. १९५९ मध्ये ब्रिटन सरकारच्या प्लॅट समितीने सांगितलं की आई-वडिलांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्या, आणि मुलांच्या मनाकडे त्यांच्या शरीराइतकंच लक्ष द्या. आज हे आपल्याला उघड वाटतं. तेव्हा ते भांडून मिळवावं लागलं. पुढे वर्षानुवर्षं पालकांच्या संघटनांनी एकेका वॉर्डाचं दार उघडवलं.

या बदलाचं सार एका वाक्यात सांगायचं तर, आजारी मूल हे आधी मूल आहे आणि मग रुग्ण, ही समज यायला विसाव्या शतकाचा बराच भाग गेला.

एका दिवसाचा पोलीस

ही समज आल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. जे मूल बरं होणार नाही, त्याचं काय?

१९८० मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सात वर्षांच्या एका मुलाला रक्ताचा कर्करोग होता. त्याला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या महामार्ग पोलिसांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला, बिल्ला दिला, हेलिकॉप्टरमधून फिरवलं. काही दिवसांतच तो गेला. त्या पोलिसांच्या आणि त्याच्या आईच्या पुढाकाराने मेक-अ-विश ही संस्था उभी राहिली. भारतात तिचं काम १९९६ मध्ये मुंबईतून सुरू झालं. १९८२ मध्ये ऑक्सफर्डला हेलन हाउस निघालं. गंभीर आजारी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना विसावा देणारं, शेवटच्या दिवसांत सोबत करणारं ते जगातलं पहिलं घर मानलं जातं. मुलांना आनंदाचा दिवस देणं हा उपचाराबाहेरचा लाड नसून त्यांची काळजी घेण्याचाच भाग आहे, हे अशा संस्थांनी रुजवलं.

आणि इथे आपले दोन इतिहास एकत्र येतात. एकीकडे मुलांना दिवसभर कुठे न्यावं हे शोधणाऱ्या संस्था होत्या. दुसरीकडे कुठेही पोचायची घाई नसलेल्या रेल्वे होत्या आणि सुट्टी खर्चून त्या चालवणारी माणसं होती. शिकागो परिसरात तर अग्निशमन दलाच्या जवानांनी वारसा रेल्वेची वाटही बघितली नाही. नाताळच्या सुमारास आजारी मुलांना घेऊन ते साध्या उपनगरी गाडीतूनच ‘उत्तर ध्रुवा’वर जातात.

तुम्ही विचाराल, आगगाडीच का? बाग आहे, सिनेमा आहे, समुद्र आहे.

कारणं व्यवहारातली आहेत. जुन्या डब्यात समोरासमोर बाकं असतात, सगळं घर एकत्र बसतं. गाडीत नेहमी वडिलांचं लक्ष रस्त्यावर आणि आईचं मागच्या सीटवर असतं, तसं इथे होत नाही. काही रेल्वेंनी जुन्या डब्यांची दारं रुंद करून, बाकं काढून चाकाच्या खुर्च्यांची सोय केली आहे. अशा डब्यात खुर्ची राहते, ऑक्सिजनचं नळकांडं राहतं, थकलेल्या मुलाला आडवं होता येतं. ब्रिटनमधल्या बहुतेक वारसा गाड्यांचा वेग तासाला २५ मैलांपर्यंतच, म्हणजे चाळीस किलोमीटर. धक्के कमी, बघायला वेळ जास्त. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आगगाडीत मुलाला काम देता येतं. हिरवा झेंडा दाखव, तिकिटाला भोक पाड, शिट्टीची दोरी ओढ. ज्या मुलाच्या शरीराशी इतके महिने सगळे काहीतरी करत आले, त्याच्या हाताने आज टनावारी लोखंड हलतं.

यामागे कष्टही असतात. थंड इंजिनात वाफ धरायला कित्येक तास लागतात, म्हणून दहाच्या गाडीसाठी माणसं पहाटे किंवा आदल्या रात्रीच येतात. ज्यांच्या फुप्फुसाला धूर सोसत नाही अशा मुलांना इंजिनापासून लांबच्या डब्यात बसवावं लागतं. उपचारांमुळे प्रतिकारशक्ती उतरलेली असेल तर गर्दी नको, म्हणून वेगळा डबा किंवा वेगळा दिवस. भावंडांनाही बोलवायचं असतं, कारण घरात एक मूल आजारी असलं की दुसरं आपोआप मागे पडतं.

आपल्याकडची गोष्ट

आता आपल्या देशात येऊ. आपल्या डोंगरी रेल्वेचं आणि आजाराचं नातं फार जुनं आहे. दार्जिलिंगची जागा ब्रिटिशांनी १८३५ मध्ये मिळवली ती आजारी गोऱ्या अधिकाऱ्यांना हवापालटासाठी. तिथे रेल्वे पोचली १८८१ मध्ये. कालका-शिमला मार्ग १९०३ चा. त्याच मार्गावरच्या धरमपूरला १९०९ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या खटपटीतून क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं. निलगिरीच्या मार्गावरच्या कुन्नूरला १९०७ पासून पाश्चर संस्था आहे. म्हणजे आज आपण ज्यांना हौसेच्या ‘टॉय ट्रेन’ म्हणतो, त्या रुळांवरून एके काळी खोकणारी, घाबरलेली, बरं व्हायला निघालेली माणसं जात होती.

पुढे १९९१ मध्ये भारताने एक वेगळीच गाडी काढली, जीवनरेखा एक्स्प्रेस. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि भारतीय रेल्वे यांनी मिळून डब्यांतच शस्त्रक्रियागृह थाटलं. मोतीबिंदू, फाटलेले ओठ, पोलिओने वाकलेले पाय यांच्यावर ही गाडी गावोगावी जाऊन उपचार करते. मुलाने रुग्णालयाकडे जाण्याऐवजी रुग्णालयच रुळांवरून मुलाकडे आलं. जगाने तिच्यापासून शिकावं अशी ती आहे.

सवलतीचं तिकीट आहे, फिरतं रुग्णालय आहे. दोन्हींमध्ये मूल रुग्ण म्हणूनच गाडीत येतं. ते नुसतं मूल म्हणून कधी येणार?

यात अडचणी आहेत, त्याही सांगतो. दार्जिलिंगच्या मार्गावरचं घूम स्टेशन २,२५८ मीटर उंचावर आहे. रक्त कमी असलेल्या मुलाला तिथली विरळ हवा सोसेलच असं नाही. उटीची गाडी सुंदर, पण चढणीचा प्रवास चार-पाच तासांचा. आपलं माथेरान तुलनेने ठेंगणं आणि जवळचं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेली ती रेल्वे परळपासून फार लांब नाही. पण तिचे डबे इतके अरुंद की चाकाची खुर्ची आत वळवणं कठीण.

पण रूळ फक्त डोंगरात नाहीत. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ पासून फुलराणी धावते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, १९७७ पासून, मुलांना फिरवणारी छोटी गाडी आहे. इंदूरजवळ पातालपाणी ते कालाकुंड ही वारसा गाडी २०१८ च्या नाताळात सुरू झाली. या गाड्या शहरांच्या जवळ आहेत, मोठी रुग्णालयंही त्याच शहरांत आहेत. सोमवारची किंवा शाळेच्या वेळेतली रिकामी फेरी, डॉक्टरांची लेखी परवानगी, सोबत एक परिचारिका, उकळलेलं पाणी, आणि कॅमेरे घरी. सुरुवातीला एवढं पुरे. शेवटची अट मी मुद्दाम घातली. फोटोत दाखवायला काढलेल्या फेरीत मूल पुन्हा एकदा रुग्णच होतं.

यावर एक सडेतोड आक्षेप येतो. ज्या देशात औषधाअभावी मुलं उपचार अर्धवट सोडतात, तिथे झुकझुक गाडीवर पैसा कशाला? आक्षेप खरा आहे. औषध आधी, राहायची सोय आधी, परतीचं भाडं आधी. यात दुमत नाही. पण एक हिशेब करा. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. यातली पुष्कळ मुलं वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर बरी होतात. सहा वर्षांच्या मुलाला तीन वर्षं म्हणजे त्याचं आतापर्यंतचं अर्धं आयुष्य. बरं होऊन ते घरी जाईल तेव्हा बालपणाची आठवण म्हणून त्याच्याकडे काय असेल? नुसत्या सुया आणि रांगा? आणि जे मूल बरं होणार नाही, त्याच्या बाबतीत तर हिशेब आणखी साधा आहे. त्याच्याकडे ‘नंतर’ नाही. त्याच्या आई-वडिलांकडे मात्र पुढची सगळी वर्षं आहेत, आणि एक हसरी दुपार त्यांना आयुष्यभर पुरवावी लागणार आहे.

टॅलिलिनच्या त्या शिक्षक-कारकुनांनी १९५१ मध्ये आजारी मुलांचा विचार केला नव्हता. त्यांनी फक्त एक म्हातारं इंजिन बाहेर काढलं. पुढचं सगळं त्यातून घडत गेलं. आपल्याकडे हे व्हायला नवी रेल्वे बांधायची गरज नाही, मोठा निधीही नको. रुग्णालयातला एक समाजसेवक आणि बागेच्या किंवा रेल्वेच्या कार्यालयातला एक अधिकारी, एवढी दोन माणसं एकमेकांशी बोलली तरी पुरे.

आज हे ऐकणाऱ्यांमध्ये रेल्वेतले लोक आहेत, निवृत्त मोटरमन आहेत, परिचारिका आहेत, हे मला तुमच्या पत्रांवरून माहीत आहे. तुमच्या गावात अशी एखादी छोटी गाडी असेल, तर ती आठवड्यात कोणत्या वेळी रिकामी धावते, एवढं पाहून ठेवा आणि जवळच्या मुलांच्या वॉर्डात जाऊन सांगा. एखाद्या मुलाला पुढे कुणी विचारलं की आगगाडी कुठे जाते, तर त्याच्याकडेही सांगायला दुसरं एखादं ठिकाण असू दे.